बोर्ड गेला, प्रोसेसर शाबूत: रायझेन ५ ७६०० घेण्याआधीचा आणि नंतरचा हिशेब

संगणक बंद पडून नवा घ्यायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न ‘इंटेल की एएमडी?’ असा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा वेगाच्या तक्त्यांवरून दिले जाते. माझ्या मते त्याआधी बंद पडलेल्या यंत्रात नेमके काय गेले आहे, हे पाहायला हवे. प्रोसेसर सहसा जात नाही. जातो तो मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, नाहीतर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, नाहीतर हार्ड डिस्क. त्यामुळे पाच-सात वर्षांनी आपल्या प्रोसेसरला बसणारा चांगला बोर्ड बाजारात मिळेल की नाही, यावर त्या प्रोसेसरचे खरे मोल ठरते. याच निकषावर मी गेल्या वर्षी इंटेलचा कोअर आय५-८४०० बाजूला ठेवला आणि एएमडीचा रायझेन ५ ७६०० घेतला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने माझ्याकडे पुरा काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

माझे काम कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण संगणकाचे परीक्षण कामापासून तोडून करता येत नाही. मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करतो, जुन्या मराठी पुस्तकांची पाने स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढतो आणि अधूनमधून व्याख्यानांचे चित्रीकरण कापून जोडून देतो. संगणकावर मी खेळ खेळत नाही. त्यामुळे बाजारातल्या निम्म्या तुलना, ज्या खेळांतल्या चित्रांच्या वेगावर बेतलेल्या असतात, त्या माझ्या उपयोगाच्या नव्हत्या.

जुने यंत्र बंद पडले तेव्हा त्याची लक्षणे अगदी स्पष्ट होती. बटण दाबले की कॅबिनेटमधला पंखा जेमतेम अर्धा फेरा मारी आणि थांबे. पुन्हा बटण दाबावे तर काहीच होत नसे. मागचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबले की पुन्हा तोच अर्धा फेरा. एसएमपीएसला पुढे कुठेतरी शॉर्ट दिसला की तो स्वतःला असाच बंद करून घेतो. प्रोसेसरला वीज देणारी चार पिनांची वेगळी वायर बोर्डावरून काढली आणि बटण दाबले, तर सगळे पंखे व्यवस्थित फिरू लागले. म्हणजे एसएमपीएस ठीक होता आणि दोष प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेवर होता. एवढे घरच्या घरी कळते. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. ज्यांच्याकडे संगणक आहे त्या प्रत्येकाला ही तपासणी माहीत असावी असे मला मनापासून वाटते, कारण ‘प्रोसेसर उडाला’ एवढे सांगून ग्राहकाला पूर्ण नवा संच घ्यायला लावणे फार सोपे असते.

पुढची तपासणी लॅमिंग्टन रोडवर झाली. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी ग्रँट रोड स्टेशनवर उतरणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच विचारतो. पहिल्या मजल्यावरच्या एका छोट्या गाळ्यात बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सोयीवर, लावला आणि एक टोक चार पिनांच्या त्या सॉकेटमध्ये, दुसरे बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाशी धरले. मीटर वाजला. मग त्याने पंखा व हीटसिंक उतरवून प्रोसेसर बाहेर काढला आणि पुन्हा टोके धरली. मीटर तसाच वाजला. “साहेब, चिपचा काही संबंध नाही, बोर्डाचा इनपुट कपॅसिटर शॉर्ट आहे,” असे म्हणून त्याने माझा आय५-८४०० स्वतःच्या चाचणीच्या बोर्डात बसवला आणि पडद्यावर लगेच बायोस, म्हणजे बोर्डाची यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली, उमटला. वाद मिटवायला इतका पुरावा पुरेसा होता. रॅमच्या पट्ट्याही त्याने त्याच बोर्डात लावून पाहिल्या. त्याही ठीक होत्या.

आता प्रश्न असा की चांगला प्रोसेसर आणि चांगली रॅम हातात असताना नवा बोर्ड एवढाच खर्च का करू नये? उत्तर सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेत आहे. आय५-८४०० हा ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर. त्याचे सॉकेट एलजीए ११५१. हेच नाव २०१५ पासून सहाव्या आणि सातव्या पिढीसाठीही होते. सॉकेटचा आकार तोच, पिनांची संख्याही तीच, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर इंटेलने चालू दिला नाही. त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. नामांकित कंपन्यांनी तो बनवणे थांबवून बराच काळ लोटला आहे. दुकानात मला तीन पर्याय दाखवण्यात आले: कार्यालयांतून निघालेल्या यंत्रांमधला काढीव बोर्ड, ज्याची हमी तोंडी आणि महिन्याभराची, एका अनोळखी नावाचा नवा बोर्ड, ज्याच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंकचा पत्ता नव्हता, आणि तिसरा, माझ्याच बोर्डावरचा कपॅसिटर बदलून घेणे.

इथे आपल्याकडच्या बाजाराची एक गंमतशीर बाजू नमूद केली पाहिजे. एच६१ आणि एच८१ चिपसेटचे बोर्ड, म्हणजे २०११ आणि २०१३ च्या काळातल्या इंटेल प्रोसेसरना बसणारे, भारतात आजही नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात विकत मिळतात. जुन्या आय३, आय५ प्रोसेसरचा एवढा मोठा साठा देशात फिरतो आहे की त्यांच्यासाठी स्वस्त बोर्ड बनवणे अजून परवडते. मूळ कंपनीने हात वर केले तरी गरज असेल तिथे बाजार वाट काढतोच. परंतु या बोर्डांवर बायोसच्या सुधारणा येत नाहीत, आवाजाच्या आणि नेटवर्कच्या चिपा हाताला लागतील त्या बसवलेल्या असतात आणि ज्या कामावर दिवाळी अंकाची छपाईची तारीख अवलंबून आहे ते काम मी त्यांच्या भरवशावर टाकणार नाही. शाळेतल्या मुलाच्या सरावासाठी किंवा दुकानातल्या बिलासाठी ते चालतील.

कपॅसिटर मी बदलून घेतला आणि तो बोर्ड आजही चालतो, पण स्कॅनरला जोडलेल्या दुय्यम यंत्रात. सप्टेंबर महिन्यात, अंकाची पाने छापखान्यात जायची असताना, मुख्य कामासाठी नवा बोर्ड हवाच होता. आणि नवा बोर्ड म्हणजे नवे सॉकेट, नवे सॉकेट म्हणजे नवा प्रोसेसर.

इंटेलची सॉकेटची परंपरा पाहिली तर २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०१७ मध्ये त्याच नावाचे पण न जुळणारे दुसरे ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ अशी रांग लागते. यांतल्या १७०० ने बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालवल्या; बाकीच्यांचे आयुष्य जेमतेम दोन पिढ्यांचे. एएमडीने मार्च २०१७ मध्ये पहिला रायझेन आणला तो एएम४ सॉकेटवर, आणि त्याच सॉकेटसाठी नवे प्रोसेसर २०२४ मध्येही बाजारात आले. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझेन ७ ५८००एक्स३डी हा पाच वर्षे जुन्या रचनेच्या सॉकेटला मिळालेला फार मोठा लाभ ठरला. ज्यांनी २०१८-१९ मध्ये एक बरा बी४५० बोर्ड घेतला होता, त्यांना केवळ प्रोसेसर बदलून नव्या यंत्राइतके काम मिळाले. उलट बाजूने, ज्यांचा बोर्ड गेला त्यांनाही त्याच प्रोसेसरसाठी नामांकित कंपनीचा नवा एएम४ बोर्ड दुकानात मिळत राहिला. मला या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटते.

हे श्रेय एएमडीला देताना एक गोष्ट लपवता येत नाही. मे २०२० मध्ये याच कंपनीने जाहीर केले होते की पुढच्या पिढीचे, म्हणजे ५००० मालिकेचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहकांनी जोरदार नाराजी व्यक्त केल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवण्यात आला. दीर्घायुष्य ही कंपनीची देणगी कमी आणि ग्राहकांच्या रेट्याची कमाई अधिक असे मी त्यातून समजतो. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले तेव्हा ‘किमान २०२५ पर्यंत’ असे आश्वासन होते. २०२४ मध्ये ते ‘२०२७ आणि पुढे’ असे वाढवण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ९००० मालिका त्याच सॉकेटवर बसली, म्हणजे निदान पहिला हप्ता तरी वेळेवर भरला गेला आहे.

पुष्कळांच्या मनात अजून अशी शंका असते की एएमडीवर ‘सगळी सॉफ्टवेअर चालतील का?’ ही शंका जुनी आहे आणि तिला आता आधार नाही. आयबीएमला आपल्या पहिल्या पीसीसाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचे नव्हते, म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार होऊन एएमडी इंटेलच्या आराखड्याचे प्रोसेसर बनवू लागली. पुढे कोर्टकचेऱ्या पुष्कळ झाल्या. पण २००३ मध्ये ६४ बिटांचा आज सर्वत्र वापरला जाणारा आज्ञासंच आणला तो एएमडीने, आणि इंटेलने नंतर तोच स्वीकारला. म्हणजे तुमच्या इंटेल यंत्रावर चालणारे ६४ बिटांचे विंडोज एएमडीने आखलेल्या पायावर उभे आहे. माझी मांडणीची, फॉन्टांची आणि स्कॅनरची सगळी सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर जशीच्या तशी चालली. एकाही ठिकाणी प्रोसेसरच्या नावामुळे अडले नाही.

विश्वासार्हतेच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांची वही कोरी नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, विशेषतः वरच्या श्रेणीतल्या आय७ आणि आय९ मध्ये, अस्थिरतेच्या तक्रारी २०२४ मध्ये प्रचंड वाढल्या. प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असे आणि त्यामुळे त्यातला एक भाग हळूहळू कमजोर होत असे. कंपनीने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीच्या, दुरुस्त्या आणल्या, व्होल्टेजला १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि बाधित प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली. दुरुस्तीमुळे पुढची झीज थांबते. झालेली झीज भरून येत नाही. म्हणून जुन्या बाजारात कोणी तेराव्या पिढीचा आय९ अर्ध्या किमतीत देत असेल तर तो घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. बारावी पिढी या दोषापासून मुक्त आहे. एएमडीच्या बाजूला एप्रिल २०२३ मध्ये ७००० मालिकेचे काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची प्रकरणे पुढे आली. त्यानंतर बायोसमधून एका व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. तिथेही कारण मूलतः तेच, व्होल्टेजचा अतिरेक. म्हणून प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा असो, नवा बोर्ड लावल्यावर पहिले काम बायोस अद्ययावत करण्याचे.

माझ्यापुढे शेवटी तीन संच उरले. पहिला, आय५-१२४०० आणि डीडीआर४ या जुन्या प्रकारच्या रॅमचा बोर्ड. यात माझी जुनी रॅम वापरता आली असती, कारण १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दुसरा, एएम४ वरचा रायझेन ५ ५६००जी. यातही जुनी रॅम चालली असती. तिसरा, रायझेन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. यात नवी डीडीआर५ रॅम घेणे अनिवार्य होते आणि त्यामुळे हा संच पहिल्यापेक्षा साधारण दीडपट महाग पडला. तिन्हींमध्ये सहा कोअर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र भाग, आणि बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी कामे. ५६००जी मी लवकर बाजूला ठेवला, कारण त्यातली अंतर्गत स्मृती, म्हणजे कॅश, ७६०० च्या निम्मी आहे आणि एएम४ चा उत्तरकाळ आता सुरू झाला आहे. आय५-१२४०० सोडताना मात्र मी बराच विचार केला. तो अजूनही फार चांगला प्रोसेसर आहे. पण २०२४ मध्ये इंटेलने १८५१ आणल्यामुळे १७०० ची वाट पुढे बंद झाली होती, आणि नुकताच मी अशाच बंद वाटेच्या टोकाशी उभा राहिलो होतो.

घेताना एका अक्षराकडे लक्ष द्यावे लागते. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवणारा भाग बंद केलेला असतो. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो तो त्यामुळे. एएमडीच्या ७५००एफ चेही तसेच. एएम४ वरच्या साध्या ५६०० मध्ये तर असे काही अक्षर नसतानाही हा भाग नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर या प्रोसेसरवर पडदा काळाच राहणार. ७६०० मध्ये छोटा ग्राफिक्स भाग आहे. तो खेळांसाठी नाही, पण दोन मॉनिटर व्यवस्थित चालवतो आणि मांडणीच्या कामाला त्याहून जास्त लागत नाही. उद्या ग्राफिक्स कार्ड घेतले आणि ते बिघडले, तरी दोष कार्डात आहे की बोर्डात हे ताडून पाहायला हा भाग उपयोगी पडतो.

बसवण्याचा अनुभव. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या आणि पंखा उपसताना वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून निघून हातात यायचा; पिना वाकण्याची ती सर्वांत मोठी भीती होती. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये गेल्या आहेत आणि वरून धातूची चौकट दाबून बसते, त्यामुळे ती भीती संपली. आता काळजी बोर्डाच्या सॉकेटची घ्यायची. त्यावरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे, कारण झाकणाशिवाय बोर्ड परत दिला तर दुकानदार हमी देताना का-कू करतो.

सगळे जोडून पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यांतला ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पिवळा पेटून राहिला. नव्या माणसाला इथे वाटणार की रॅम खराब निघाली. तसे नसते. एएम५ बोर्ड पहिल्या वेळी डीडीआर५ रॅमच्या प्रत्येक ओळीची वेळ जुळवून पाहतो आणि त्याला काही मिनिटे लागतात. या काळात वीज बंद करू नये, पट्ट्या काढून खोडरबराने घासू नयेत, शांतपणे थांबावे. बायोस अद्ययावत केल्यावर आणि रॅमचा वेग बदलल्यावरही हे पुन्हा घडते. बोर्डाच्या पुस्तिकेत ही बाब ठळक अक्षरांत पहिल्या पानावर छापायला हवी होती. ती कुठेतरी मागे बारीक टायपात आहे, आणि त्यामुळे कित्येक चांगले बोर्ड ‘बिघडलेले’ म्हणून परत जात असतील. रॅम घेताना दोनच पट्ट्या घ्याव्यात. ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार पट्ट्या भरल्या की तो ३६०० पर्यंत उतरतो. जुन्या सवयीने ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ असा बेत इथे नुकसानीचा ठरतो.

जुनी एसएसडी तशीच जोडली तर विंडोज बहुतेक वेळा उठते, माझेही उठले. मात्र त्याआधी एक काम केले नसते तर सगळे अडले असते. विंडोज ११ मध्ये डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर तिची किल्ली बोर्ड-प्रोसेसरमधल्या सुरक्षा भागाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती मी आधीच वहीत उतरवून ठेवली होती. ज्यांनी मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला आहे त्यांना ती खात्यात सापडते, पण खात्याचा पासवर्ड आठवला पाहिजे. शिवाय विंडोजचा परवाना बोर्डाशी जोडलेला असल्यामुळे तो पुन्हा सक्रिय करावा लागला, आणि एका जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचा यंत्रबद्ध परवाना नव्याने मागवावा लागला. प्रोसेसरच्या किमतीची चर्चा करताना हा वेळ कोणी धरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मोठ्या पुस्तकाची फाइल इनडिझाइनमध्ये उघडली, त्यात देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे अशा लिप्यांची जुळणी करणारी सोय, लावलेला आहे आणि मध्येच एका प्रकरणात परिच्छेद वाढवला, की पुढची सगळी पाने सरकतात. आय५-८४०० वर हे सरकणे डोळ्यांना दिसायचे. पानाचा आकडा एकेक करून पुढे जायचा. ७६०० वर ते जाणवत नाही. हे काम बहुधा एकाच कोअरवर चालते, म्हणून इथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा, आणि त्यात २०१७ पासून पडलेला फरक फार मोठा आहे. ओसीआरचे उलट. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठीची फाइल देऊन एकाच वेळी अनेक पाने वाटून दिली की बाराही थ्रेड राबतात, आणि जुन्या यंत्राला लागे त्याच्या निम्म्याहून कमी वेळात पुस्तक हातावेगळे होते. जोडाक्षरांच्या चुका अर्थातच तेवढ्याच राहतात. त्यांना प्रोसेसरचे औषध नाही.

उष्णतेबाबत तक्रारीला थोडी जागा आहे. ७६०० सोबत मिळणारा पंखा कामचलाऊ आहे. एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत, ओसीआर चालू असताना त्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत असे. ७००० मालिका ९५ अंश सेल्सिअसपर्यंत सुरक्षितपणे चालावी अशीच आखलेली आहे, त्यामुळे यंत्राला धोका नव्हता. पण दिवसभर कानाशी तो आवाज नको म्हणून मी मध्यम किमतीचा उभा कूलर लावला आणि प्रश्न मिटला. खरेदीच्या हिशेबात कूलरची रक्कम धरूनच चालावे. विजेच्या बाबतीत चित्र मिश्र आहे. पूर्ण भारावर ७६०० इंटेलपेक्षा संयमी वागतो: त्याची मर्यादा ८८ वॉट, तर आय५-१२४०० ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. पण नुसता मजकूर टंकत बसलो असताना, यंत्र निवांत असताना, एएमडीची वेगवेगळ्या तुकड्यांची रचना थोडी जास्त वीज खाते. ज्यांचे काम मुख्यतः टंकलेखनाचे आहे आणि वीज गेल्यावर यूपीएसवर शक्य तितका वेळ काढायचा आहे, त्यांनी हा मुद्दा इंटेलच्या बाजूने धरावा.

चित्रीकरणाच्या कामातही इंटेलचे पारडे एका जागी जड आहे. हल्लीचे बरेच कॅमेरे दहा बिटांचे ४:२:२ प्रकारचे, म्हणजे रंगांचा तपशील अधिक राखणारे, एचईव्हीसी पद्धतीने दाबलेले चित्रण देतात. ते उलगडण्याची सोय इंटेलच्या क्विक सिंक या चित्रण हाताळणाऱ्या भागात, अगदी आय५-१२४०० मधल्या साध्या ग्राफिक्स भागातही आहे. ७६०० च्या भागात नाही. मला व्याख्यानांचे चित्रण साध्या प्रकारात मिळते म्हणून अडले नाही. लग्नाची चित्रणे कापणाऱ्या स्टुडिओला मात्र मी रायझेन सुचवणार नाही, निदान वेगळे योग्य कार्ड असल्याशिवाय.

खरेदी करताना सीलबंद खोक्यातलाच प्रोसेसर घ्यावा. ‘ट्रे पीस’ म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्यावर कंपनीची तीन वर्षांची हमी नसते. असते ती विक्रेत्याची, आणि ती त्याचे दुकान असेपर्यंतची. जीएसटीच्या बिलावर प्रोसेसर आणि बोर्ड या दोघांचेही सिरियल नंबर लिहून घ्यावेत. मला आधी ‘कॉम्प्युटर पार्ट्स’ असे मोघम लिहिलेले बिल देण्यात आले, ते मी परत करून नीट लिहून घेतले. दुकानदाराने कुरकुर न करता ते दिले, हेही नमूद करतो. आणि बोर्डावर प्रोसेसरशिवाय बायोस अद्ययावत करण्याचे बटण आहे का, हे पाहावे. जुन्या साठ्यातला बोर्ड आणि नव्या मालिकेचा प्रोसेसर अशी जोडी जमली तर त्या बटणावाचून पडदा उजळत नाही.

मी हा संच घेतला त्यानंतर रॅमचा बाजार उलटापालटा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी स्मृतीच्या चिपांचे उत्पादन आपल्याकडे ओढून घेतले; डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. डीडीआर५ च्या किमती इतक्या चढल्या आहेत की माझा दीडपटीचा हिशेब आज कोणालाही लागू पडणार नाही. ज्याच्या बंद पडलेल्या यंत्रात १६ किंवा ३२ जीबी डीडीआर४ शाबूत आहे, त्याने आज ती रॅम टाकून देऊ नये. त्याच्यासाठी आय५-१२४०० आणि नामांकित कंपनीचा डीडीआर४ बोर्ड हाच संच मी सुचवेन, आणि बोर्ड निवडताना प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक आहे ना, एवढे पाहायला सांगेन. ज्याच्याकडे रॅम नाहीच आणि सगळेच नव्याने घ्यायचे आहे, त्याने रायझेन ५ ७६०० आणि बी६५० घ्यावा.